ओटा कडाप्प्याचा असेल तर घरचं क्लीनर रिठ्याचं

बाजारातली क्लीनर सोडून घरच्या साहित्यावर यायचं ठरलं की बहुतेक जणी आधी लिंबू नाहीतर व्हिनेगर हातात घेतात. मी म्हणेन, आधी आपला ओटा आणि फरशी नीट बघा. आमचं साताऱ्याचं घर जुनं आहे. ओटा कडाप्प्याचा, स्वयंपाकघरात आणि पडवीत शहाबादी. हे दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट पडलं की दगडच विरघळायला लागतो. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर कुणीतरी पिळलेलं अर्धं लिंबू उपडं ठेवलं होतं, तिथे आजही लिंबाच्या फोडीएवढा पांढुरका गोल दिसतो. तिथला दगडाचा वरचा थरच गेलाय, त्यामुळे कितीही घासलं तरी तो हटत नाही. तेलाचा हात फिरवला की तेवढ्यापुरता लपतो. संगमरवर आणि कोटा यांचंही तेच. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्स आंबटाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

म्हणून आमच्याकडे रोजच्या पुसण्याला रिठे. सासूबाई पैठण्या रिठ्यातच धुतात, त्यामुळे घरात ते कायम असतातच. पंधरा-वीस रिठे फोडून आतली काळी बी काढायची, सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालायची. सकाळी त्याच पाण्यासकट मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. पातेलं मोठं घ्या आणि समोरून हलू नका, फेस दुधासारखा वर येतो. गार झाल्यावर सालं हाताने चांगली कुस्करायची. ही पायरी टाळू नका, खरा सत्त्वाचा भाग सालीच्या आतल्या चिकट गरात असतो. मग सुती फडक्यातून पिळून गाळायचं. चहाच्या रंगाचं, थोडं बुळबुळीत पाणी मिळतं. त्यातल्या सॅपोनिनमुळे, म्हणजे साबणासारखा फेस करणाऱ्या घटकामुळे, तेलकटपणा सुटतो. डोळ्यांत गेलं तर भयंकर चुरचुरतं, तेवढं जपा.

अर्धी बादली पाण्याला या पाण्याची अर्धी वाटी पुरते. फरशी पुसून झाली की साध्या पाण्याचा एक हात फिरवायचा, नाहीतर पाय चिकटतात. गॅसच्या शेगडीवरच्या फोडणीच्या शिंतोड्यांवर मात्र पातळ न करता लावते, पाच मिनिटं ठेवते आणि मग घासणी.

आता सुगंधी तेलांबद्दल. निलगिरी, गवती चहा, सिट्रोनेला यांचे हे अर्क पाण्यात मिसळत नाहीत. बादलीत थेट दहा थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि सगळं तेल फडक्याच्या एकाच कोपऱ्याला लागतं. आधी दोन चमचे रिठ्याच्या पाण्यात आठ-दहा थेंब घालून झाकणाच्या बाटलीत खळखळून हलवायचं, दुधाळ झालं की बादलीत ओतायचं. पावसाळ्यात माश्या वाढल्या की मी गवती चहाचं तेल घेते, एरवी निलगिरी. डब्यावरच्या लेबलचा चिकट गोंद काढायलाही निलगिरीचे दोन थेंब कापसावर घेतले की काम होतं. ही तेलं पेट घेतात, त्यामुळे शेगडी चालू असताना ओट्यावर नकोत. मुलांच्या हाताला तर मुळीच लागू देऊ नका. निलगिरीचं तेल थोडंसं जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. घरात मांजर असेल तर तेल वगळा, नुसता रिठा वापरा.

आंबटाची जागा मोरीत आणि देवघरात. बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे थर बसतात, त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की थर सुटतो. खाली शहाबादी असेल तर आधी पाणी ओतून ठेवा. देवाची तांब्या-पितळेची उपकरणी भिजवलेल्या आमसुलाने आणि चिमूटभर मिठाने घासते, तीही परातीत, ओट्यावर नाही. लगेच धुऊन कोरडी पुसली नाहीत तर पुन्हा काळवंडतात.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. सोडा वेगळा, व्हिनेगर वेगळं. आणि संडासात ब्लीचिंग पावडर टाकली असेल त्या दिवशी तिथे व्हिनेगर, लिंबू, कुठलंही अॅसिड नेऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत तो जिवावर बेततो.

संत्र्या-मोसंबीच्या सालींचं एन्झाइम, म्हणजे सालं आंबवून केलेलं क्लीनर, करायचं तर एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. काचेची बरणी नको, आत वायू धरतो. प्लॅस्टिकच्या बरणीत वर जागा सोडा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा. तेही आंबटच असतं, म्हणून टाइल्स आणि संडासासाठी.

घरात कुणाला उलट्या-जुलाब लागले असतील तर मात्र यातलं काही पुरेसं नाही. रिठा घाण काढतो, जंतू मारण्याची खात्री देत नाही. अशा वेळी मी आधी पुसून घेते, मग ब्लीचचं पातळ पाणी लावून खिडक्या उघड्या ठेवते.

रिठ्याचं पाणी फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की झाडाच्या मुळाशी न ओतता मोरीत ओता. बाटली कोल्ड्रिंकची घेऊ नका, रंग चहासारखा असल्याने कुणीही तोंडाला लावेल. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख लिहा.