डोळ्यांनी नाही, बुडाने निवडायची गाडी

पहिली टूरिंगची, म्हणजे लांबच्या प्रवासाची, मोटरसायकल मी फोटो बघून पसंत केली. सीट जमिनीपासून ८५५ मिलिमीटर, माझी उंची ५ फूट ४ इंच. सरळ रस्त्यावर काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका उतारावर यू-टर्न घेताना मध्येच थांबावं लागलं. उजवा पाय टेकवायला गेलो, तर जमीन चार बोटं खाली! गाडी सावकाश आडवी झाली आणि तिच्याबरोबर मीही. ब्रेकचा लिव्हर मोडला, बाकी सगळं शाबूत. पण त्यानंतर चढ-उतारावर थांबायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि तो गाडी विकेपर्यंत गेला नाही.

म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगतो, इंजिनाचं नंतर बघू, आधी बसून बघ. आणि बसायचं ते घालून: जॅकेट, हेल्मेट, प्रवासातले बूट, सगळं. बुटाच्या जाड तळव्यानेही बराच फरक पडतो.

माहितीपत्रकात सीटची उंची दिलेली असते, पण तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पाय सीटवरून सरळ खाली जात नाही, सीटच्या कडेला वळसा घालून जातो. त्यामुळे सीट पुढच्या बाजूला निमुळती असेल तर उंच गाडीवरही पाय पोचतात, आणि रुंद असेल तर कमी उंचीच्या गाडीवरही मांड्या फाकतात. शिवाय आपण बसल्यावर गाडी थोडी दबते. कुठली किती दबेल ते सस्पेन्शनवर आणि आपल्या वजनावर. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. दोन्ही चवडे नीट टेकले, किंवा बूड जरा सरकवून एक पाऊल पूर्ण टेकलं, तरी भागतं. 'गाडी खाली करून देतो' असं कुणी म्हणालं तर विचार करा: जमिनीपासूनचं अंतर घटतं आणि साइड स्टँड लांब पडतो, मग लावलेली गाडी उभी राहते ती जवळजवळ सरळ, धक्का लागला की पलीकडे पडायला मोकळी.

उंचीइतकंच वजन महत्त्वाचं. होंडा गोल्ड विंगची सीट अवघी ७४५ मिलिमीटर, बुटक्यांनाही पाय टेकवता येतात. पण गाडीचं वजन साडेतीनशे किलोच्या वर, म्हणून तर तिला रिव्हर्सची सोय आहे. तुमच्या गाडीला ती नसणार. तेव्हा सीटवर बसल्या बसल्या पायांनी गाडी दहा पावलं मागे ढकलून बघा. दम लागला तर सामान लादल्यावर काय होईल ते कळलंच.

आता खरी परीक्षा. गाडी मेन स्टँडवर लावा, नाहीतर मित्राला धरायला सांगा. डोळे मिटा, पाय फूटपेगवर ठेवा आणि हात आपसूक जिथे जातील तिथे जाऊ द्या. मग डोळे उघडा. हँडल तिथून फार पुढे असेल तर संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे बोलायला लागतील. कोपर थोडं वाकलेलं हवं. पाठ अगदी ताठ असणं चांगलं असा एक समज आहे. तो मला पटत नाही. ताठ बसलं की प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात जातो. थोडं पुढे झुकलेलं बरं, फक्त भार मनगटांवर येता कामा नये.

एक युक्ती मी हमखास वापरतो. हँडल न ओढता फूटपेगवर उभं राहून बघायचं. सहज उठता आलं, तर पेग बुडाखाली योग्य जागी आहेत, म्हणजे खड्डा दिसला की पायांवर भार घेता येईल. पाय पुढे पसरून बसायच्या क्रूझरवर हे जमत नाही. ज्यांची कंबर धड आहे त्यांनी घ्याव्यात खुशाल.

मग तसंच वीस मिनिटं बसून राहा. शोरूमवाला वैतागेल, वैतागू दे. पहिली पाच मिनिटं सगळ्याच सीट झकास वाटतात. मऊ सीटला तर अजिबात भुलू नका: मूठ जोराने दाबा, खालचा कडक तळ लागला तर तासाभरात तोच तुम्हालाही लागणार. गुडघ्याचं दुखणं असेल तर गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडतोय का ते बघा.

टेस्ट राइड मिळाली तर ज्या वेगाने तुम्ही खरोखर तासन्‌तास जाणार त्याच वेगाने चालवा. आरशातलं चित्र थरथरतंय का? बोटांना मुंग्या येतायत का? हेल्मेटला वारा थपडा मारत असेल तर चालत्या गाडीवर डोकं किंचित खाली करून बघा. आवाज एकदम कमी झाला, तर विंडशील्ड तुमच्या उंचीला चुकीची. सहा फुटी मित्राचं मत इथे कामाचं नाही.

विंडशील्ड, सीट, हँडलचा कोन, लिव्हर नंतर बदलता येतात. तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका. वजन आणि टाकीची रुंदी बदलत नाही, आणि फूटपेगची जागा फार तर जराशी.

दुसऱ्या वेळी मी बायकोला सोबत नेलं. मला गाडी एकदम बसली होती, वीस मिनिटं झाली तरी तक्रार नव्हती. मग ती मागे बसली, दोन मिनिटांत उतरली आणि म्हणाली, "अहो, माझे गुडघे हनुवटीला लागतायत." आम्ही पुढच्या गाडीकडे वळलो.