रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारसाठी परवडणारे टायर घेताना या चुका टाळा

जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा बुळबुळीत थर तयार होतो, तेव्हा गाडी किती अश्वशक्तीची आहे हा प्रश्न मागे पडतो आणि रस्त्याला टेकलेले तळहाताएवढे रबराचे चार तुकडे काय करतात, एवढेच महत्त्वाचे उरते. पुण्या-मुंबईकडे रोज ऑफिसला नेली जाणारी आणि शनिवार-रविवारी घाट चढणारी वेगवान गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बेताच्या पैशांत टायर निवडताना ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगला पहिले स्थान द्यावे, असे माझे ठाम मत आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा लावल्यामुळे होतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेले मऊ टायर रोजच्या गाडीला चढवणे. टायरच्या कडेवर ट्रेडवेअर म्हणून २००, ३००, ४०० असा आकडा असतो. प्रमाण मानलेल्या टायरला १०० धरून त्या तुलनेत हा टायर किती टिकेल, याचा तो अंदाज असतो. २०० च्या आसपासचे बरेच टायर कोरड्या ट्रॅकवर गरम झाले की अप्रतिम पकडतात, परंतु त्यांच्या नक्षीत चर कमी असल्यामुळे साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगू लागतात आणि रोजच्या वापरात लवकर झिजतात. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच चाचणी घेऊन ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३४० यांची थेट तुलना करून निर्णय घेणेही बरोबर नाही. रोजच्या गाडीसाठी रुंद उभे चर असलेला, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी सिलिकायुक्त रबर-मिश्रण वापरलेला मधल्या किमतीचा टायर पुरेसा असतो.

दुसरी चूक मोठ्या रिमच्या आणि रुंदीच्या मोहाची. समजा, गाडीचा मूळ आकार २२५/४५ आर१७ आहे. येथे २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी असून साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर भरते; शेवटचे १७ म्हणजे इंचांमधला रिमचा व्यास. त्याऐवजी १८ इंची रिमवर २२५/४० घेतला, तर एकूण व्यास जवळपास तोच राहतो, पण साइडवॉल ९० मिलिमीटरवर येते. हे ११ मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात. पावसाळ्यातल्या खड्ड्यात मात्र तेवढ्यानेच रिम वाकते किंवा साइडवॉलच्या आतले धागे तुटून टायरला गोळा येतो, आणि गोळा आलेला टायर बदलण्याला पर्याय नसतो. शिवाय रुंद टायर पाण्यावर अधिक सहज तरंगतो. टोयोटाने २०१२ मध्ये आणलेल्या जीटी८६ या अस्सल स्पोर्ट्स कारला २१५/४५ आर१७ असे बेताच्या रुंदीचे टायर दिले होते, हे रुंदीच्या मागे लागलेल्यांनी लक्षात घ्यावे.

आकारानंतर लिहिलेल्या ९१डब्ल्यू यासारख्या खुणेकडेही दुर्लक्ष नको. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर. आपण द्रुतगती मार्गावर १०० च्या मर्यादेतच चालवतो, हे मान्य. तरीही गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या खुणेपेक्षा खालच्या श्रेणीचा टायर घेऊ नये, कारण ही श्रेणी उष्णता सोसण्याच्या क्षमतेशी निगडित असते.

जुन्या मालाबद्दल अनुभवाने सांगतो. भारताने जून २०२० मध्ये टायरची आयात निर्बंधित यादीत टाकल्यापासून आयात करावे लागणारे आकार नेहमीच सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तर ते गोदामात किती काळ पडून होते हे तपासणे आपल्यावर येते. मी एकदा चांगली सवलत पाहून चार टायर घेतले. घरी आल्यावर तारीख शोधली, तर बाहेरच्या बाजूला ती कुठेच नव्हती, कारण तारखेसह पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेली होती. गाडीखाली वाकून मोबाइलच्या उजेडात पाहिले, तेव्हा शेवटचे चार अंक १४१७ निघाले, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. खरेदीच्या वेळी तो माल चार वर्षांचा झाला होता. म्हणून टायर रिमवर चढण्याआधी प्रत्येकाचे हे चार अंक स्वतः वाचावेत आणि आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे.

पैसे कमी असल्यास दोनच टायर बदलायला हरकत नाही, मात्र नवी जोडी मागे बसवावी, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी का असेना. मागचे टायर आधी घसरले, तर गाडी फिरते आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत झिजेचा फरक किती चालतो, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहावे.

नवे टायर बसवल्यावर गाडी ८० ते १०० च्या वेगात थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग तपासावे. भुंग्यासारखा आवाज येत असेल, तर नक्षीवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला आहे आणि अलाइनमेंट करून घेतली पाहिजे. आतली कडच गोटा होत असेल, तर टोबरोबर कॅम्बरही, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कलही, मोजायला सांगावा, विशेषतः गाडीची उंची कमी करून घेतलेली असल्यास. हवा दाराच्या चौकटीवरील स्टिकरनुसार, सकाळी टायर थंड असताना भरावी. धक्के कमी बसावेत म्हणून ती कमी ठेवली, तर खड्ड्यात रिमला मार बसण्याची शक्यता वाढते. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण मे महिन्यात ती ३ मिलिमीटरखाली गेलेली दिसली, तर मी पाऊस येईपर्यंत थांबत नाही.