काकांचं मशीन आणि आमची सामाईक भिंत

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं. शेजारच्या काकांची आणि आमची भिंत एकच. काका दवाखान्यातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊन घरी आले आणि माझी झोप उडाली. दिवसा काही जाणवायचं नाही. रात्री मात्र सतत घुर्रर्र, आणि दर काही सेकंदांनी फुस्स! पण ते मशीन म्हणजे काकांचा श्वास. तक्रार करायला जीभ रेटेना.

चौथ्या दिवशी काकूंकडे चहाला गेले, तेव्हा मशीन नीट पाहिलं. आतला कॉम्प्रेसर हवा दाबतो, झिओलाइट नावाच्या दाणेदार खनिजात हवेतला नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो, आणि अडकलेला नायट्रोजन बाहेर सोडताना फुस्स होतं. ते काही जाणार नाही. पण घुर्रर्र? मशीनची पाठ आमच्या भिंतीला टेकलेली होती! भिंतीवर तळहात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं वाटलं. मशीन देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, हवेसाठी सगळीकडून वीतभर जागा हवीच. मग मशीन पलीकडच्या कोपऱ्यात नेलं, खाली जाड रबरी मॅट घातली. नळी पुरेशी लांब होती. कुणाचा पाय अडकू नये म्हणून भिंतीच्या कडेने नेली. आवाज दाबायला चादर किंवा खोका मात्र अजिबात घालायचा नाही, मशीन तापतं. फिल्टरची जाळी धुळीने माखली होती, ती काकू आता दर आठवड्याला धुतात.

मी माझा पलंगही दुसऱ्या भिंतीला सरकवला. फुस्स अजून येतं, पण झोप लागते. परवा रात्री वीज गेली, आवाज थांबला आणि मी दचकून उठले. धावत गेले, तोवर काकूंनी सिलिंडर लावला होता.