खोकला अंगावर काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

निपाणीत 21 वर्षे मी छातीचे एक्स-रे काढले. तंबाखूच्या वखारींच्या या गावात खोकल्याला कोणी आजार मानत नाही, आणि ‘विडीचा खोकला आहे’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. विडी ओढणाऱ्याला खोकला असतोच. पाहायचे असते ते त्याचे बदललेले रूप. तो तीन आठवड्यांहून अधिक टिकला, बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, वजन उतरले किंवा धाप लागू लागली, तर औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणणे थांबवून डॉक्टरांना गाठावे; तो फुप्फुसाचा कर्करोगही असू शकतो.

दुसरी चूक मात्र शिकल्या-सवरलेल्यांचीही असते. आमच्या गल्लीतील एका अण्णांच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. आपल्याकडे क्षयरोग इतका आढळतो, की तसा संशय येणे गैर नव्हते. पण थुंकी न तपासताच औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही, तरी ‘कोर्स सहा महिन्यांचा असतो’ म्हणून घरचे निर्धास्त राहिले. पाचव्या महिन्यात अण्णांचा आवाज बसला. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीत वळसा घेऊन वर येते आणि तिथल्या गाठीखाली ती दबू शकते, हे मला ठाऊक असल्याने मीच त्यांना कोल्हापूरला धाडले. सीटी स्कॅन आणि बायोप्सीनंतर (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीनंतर) फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचला होता. क्षयाच्या गोळ्या मनाने सोडू नयेत. मात्र थुंकीचा अहवाल मागावा आणि उतार नसेल तर महिन्या-दोन महिन्यांत डॉक्टरांना पुन्हा गाठावे.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ म्हणून बायोप्सी नाकारणाऱ्यांशी वाद घालण्याचे मी सोडले आहे. गाठीचा प्रकार कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, एवढेच सांगतो. आयुष्यात विडीला न शिवलेल्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनीही या धोक्यातून स्वतःला वगळू नये. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असेही समजू नये, कारण हृदयामागची किंवा गळपट्टीच्या हाडाआडची लहान गाठ त्यात लपते.

जुनी फिल्म रद्दीत घालणाऱ्यांचा मला विशेष राग येतो. डाग जुना की नवा, हे तिच्याशी ताडून पाहिल्यावरच कळते. माझ्या घरच्या सगळ्या फिल्म तारीख लिहून ट्रंकेत सपाट ठेवलेल्या आहेत, आणि खोकला सुरू झालेल्या दिवसावर मी कॅलेंडरमध्ये फुली मारतो.