खुरप्यासोबत टोपली न्या: खरिपातल्या तणभाज्यांचा सल्ला

मृगाचा पाऊस झाला, आर्द्रात पेरण्या उरकल्या की पुनर्वसू लागेपर्यंत सोयाबीन-तुरीच्या ओळींत तण माजलेले असते. भांगलण म्हणा नाहीतर निंदण, ती आता टाळता येत नाही. सोयाबीनला पेरणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवस तणाचा जाच सगळ्यात जास्त. याच दिवसांत टाकळा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, केना, पाथरी ही तणे भाजीजोगी कोवळी असतात. फुलावर आली की भाजी निबर होते आणि रानात बी झडते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. तेव्हा उपटायचेच आहे तर वेळेत उपटा, आणि खाण्यासारखे वेगळे काढा.

आधी रान कोणते ते ठरवा. ज्या शेतात यंदा पेंडीमिथॅलिन, इमॅझेथापायर, अॅट्राझिन, २,४-डी असे कोणतेही तणनाशक पडले आहे, तिथले हिरवे पान तोंडात घालू नका. फवाऱ्यातून वाचलेले तण ताजे टवटवीत दिसते, त्याला भुलू नका. डब्यावर पिकासाठी थांबण्याचे दिवस लिहिलेले असतात, तणाच्या भाजीसाठी नसतात. कपाशीतले तण तर नकोच, तिथे कीटकनाशकाच्या फवारण्या होत राहतात. शेजाऱ्याने वारे असताना फवारले असेल तर त्या बाजूचा बांधही सोडा. गटाराच्या पाण्यावरचे आणि हमरस्त्याच्या कडेचेही नको. घरच्या भाजीपुरता एखादा गुंठा आणि बांध बिनफवारणीचा ठेवला, तरी पावसाळाभर पुरते.

आता ओळख. सगळ्यात जास्त गफलत होते ती टाकळ्यात, म्हणजे विदर्भातल्या तरोट्यात. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीनच जोड्या असतात आणि प्रत्येक पान टोकाकडे रुंद, गोलसर असते. त्याच्यासारखाच पिवळ्या फुलांचा कासविंदा बांधावर उगवतो. त्याच्या जोड्या चार-पाच किंवा जास्त, पाने टोकदार, आणि चुरगळली की उग्र घाण वास. कासविंद्याच्या शेंगा-बिया विषारी आहेत. उत्तर प्रदेशात लहान मुले त्या खाऊन दगावल्याच्या नोंदी आहेत. शेतात पोरे सोबत असतील तर हे झाड त्यांना हाताने दाखवूनच ठेवा.

घोळीच्या बाबतीत देठ मोडून पाहा. घोळीचा देठ जाड, लालसर, रसरशीत, आणि मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. जमिनीलगत पसरणारे दुधी नावाचे तण (भोपळा नव्हे) तसेच भासते, पण त्याला पांढरा चीक येतो; ते टाकून द्या. मात्र चीक आला की विष, असा सरसकट नियम करू नका. पाथरीलाही चीक असतो आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या भाकरीबरोबर कच्ची खात आलो आहोत. खात्री नसेल तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला पान दाखवा. मोबाईलवरच्या फोटोवर भिस्त ठेवून भाजी शिजवू नका.

स्वयंपाकाचे म्हणाल तर टाकळा आणि कुर्डू यांचे फक्त शेंडे खुडा, उकळत्या पाण्यात घालून पिळून घ्या, पाणी ओता. टाकळ्याचा कडवटपणा जातो. मग भरपूर कांदा, लसूण, भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ; कोकणात वरून ओले खोबरे. तांदुळज्याला लसूण-मिरचीची फोडणी पुरे. पण युरिया भरपूर टाकलेल्या रानातला तांदुळजा आणि काटेमाठ नायट्रेट धरतात, तेव्हा तिथला घेऊ नका, आणि त्याचा भारा गुरांपुढेही टाकू नका. केन्याच्या पानांची बेसनात बुडवून भजी करा; पावसात याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. घोळ तुरीच्या वरणात किंवा ताकातल्या पातळ भाजीत घालावी. पावसाने ओढ दिली असेल तर पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते, दुपार कलल्यावरची सौम्य. ती रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते, म्हणून हा फरक.

औषधी गुणांबद्दल जपून बोलायला हवे. टाकळ्याने पोट साफ होते, हा घराघरातला अनुभव आहे; जास्त खाल्ला तर जुलाब होतात, हाही. आयुर्वेदात त्याच्या बिया त्वचेच्या रोगांवर लेप म्हणून सांगितल्या आहेत, पुनर्नवा सुजेवर. घोळीत ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले असतात, जी पालेभाजीत एरवी फारशी नसतात. भाजी म्हणून खाण्यात यातला काही फायदा येतोच. पण मधुमेह, काविळीवर कुणी नुसता काढा सांगितला आणि चालू गोळ्या बंद करायला लावल्या, तर ऐकू नका. मुतखडा असणाऱ्यांनी घोळ, माठवर्गीय भाज्या आणि आंबुशी बेताने खाव्यात, त्यांत ऑक्झलेट जास्त असते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर एकदम रोज पालेभाजी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी बिया-मुळ्यांचे काढे घेऊच नयेत.

भाजीनंतर उरलेल्या तणाचे काय? इथे बरेच जण चुकतात. उपटलेली घोळ ओल्या सरीत टाकली की ती पुन्हा मूळ धरते. केन्याचेही तेच, त्याच्या पेरापेराला मुळ्या फुटतात. वर तो जमिनीखालीही फुले आणि बी धरतो, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाला सहसा दाद देत नाही. ही दोन्ही तणे वेचून बांधाबाहेर काढा, उन्हात वाळवा किंवा खड्ड्यात घाला. शक्य तर वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल असताना, मुळासकट.

विकायचा विचार असेल तर टाकळा, कुर्डू सकाळी लवकर खुडून ओल्या कापडात गुंडाळा, दुपारपर्यंत ते माना टाकतात. घोळ जरा दम धरते. ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करून बचत गटाचे नाव द्या. ऋषिपंचमीलाही मागणी चढते, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खात नाहीत म्हणून आपोआप उगवलेली भाजी शोधली जाते. शहरातल्या गिऱ्हाइकाला जुडी देताना, आधी उकळून पाणी ओता, एवढे सांगायला विसरू नका. कडू लागली तर ते पुन्हा घेणार नाही.