पडवीतून पक्षी पाहायचेत? दुर्बीण घेताना या चुका टाळा

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती लांबचं दिसेल?’ चूक इथूनच सुरू होते. कोकणातल्या घरातून दिसणारे पक्षी मुळात लांब नसतात. जास्वंदीवर शिंजीर येतो, विहिरीच्या कठड्यावर खंड्या बसतो, पोफळीखाली दयाळ आणि नाचण फिरत असतात. अडचण अंतराची नसून उजेडाची असते. दाट आगरात सकाळी लवकर, आणि पावसाळ्यात तर भर दुपारीही अंधारलेलं असतं.

म्हणून दुर्बिणीवरचे दोन्ही आकडे बघा. ८×४२ मध्ये ८ म्हणजे किती पट मोठं दिसेल ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत किती रुंद आहे ते कळेल. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर असतो, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये जेमतेम अडीच. अंधारात आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी होते, तेव्हा अडीच मिलिमीटर पुरत नाही आणि पानाआडचा पक्षी नुसता काळा दिसतो. शिवाय १० पटींच्या पुढे हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. ‘१०० पट’ छापलेल्या स्वस्त दुर्बिणींच्या नादी लागू नका, झूमवाली तर नकोच. पहिली दुर्बीण ८×४२ च घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. घेताना किती जवळचं स्पष्ट दिसतं तेही तपासा. दोन-अडीच मीटरवरचं दिसलं पाहिजे, नाहीतर पडवीसमोरचा शिंजीर कायम धूसर राहील.

घर खाडीवर किंवा समुद्रासमोर असेल तर गोष्ट वेगळी. हिवाळ्यात ओहोटीला चिखलावर उतरणारे तुतारी, चिखल्या आणि पाण्यावरचे कुरव ओळखायला २०-६० पटींचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि भक्कम ट्रायपॉड लागतो. इथे अनेक जण तारे बघायची दुर्बीण आणतात. तिच्यात चित्र उलटं दिसतं, उडणारा पक्षी सापडतच नाही. स्कोपसुद्धा सकाळीच वापरा. ऊन चढलं की तापलेली हवा थरथरते आणि ६० पटींवर सगळं वितळल्यासारखं दिसतं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं, संध्याकाळी समोरून. मावळता सूर्य दुर्बिणीतून कधीही बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि खिडकीच्या काचेतून किंवा मच्छरजाळीतून बघून दुर्बिणीला नावं ठेवू नका, आधी खिडकी उघडा.

आता कोकणातला खरा शत्रू, बुरशी. दुर्बीण कातडी किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली की आषाढ-श्रावणात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. टॉर्चचा उजेड तिरका टाकला की ते दिसतात. नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीण घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आत दमट हवा शिरत नाही. बाहेरून मात्र तिच्या भिंगावरही बुरशी धरू शकते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून ठेवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. खारा वारा लागलेली काच कोरड्या सदऱ्याने पुसू नका, मिठाच्या कणांनी चरे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग काच किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा. आत बुरशी गेली असेल तर घरी खोलू नका. आतला प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) जरासा सरकला तरी दोन-दोन पक्षी दिसू लागतात.

बरेचदा ‘बिघडलेली’ दुर्बीण बिघडलेली नसतेच. कडेला काळी सावली येत असेल तर दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे जुळवा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबा. एका डोळ्याला धूसर दिसत असेल, तर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने माडावरचा एखादा नारळ स्पष्ट करा. मग डावा मिटून तोच नारळ उजव्या नळीच्या कड्याने स्पष्ट करा. कड्याची ती जागा खूण करून ठेवा.