नाशिकच्या हिवाळ्यातील धूर-धूळ : घरी आणि सोसायटीत काय करावे

नाशिकची थंडी सुखद असली, तरी याच दिवसांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहिल्याने द्वारका चौकातील वाहनांचा धूर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील उत्सर्जन आणि बांधकामांची धूळ सकाळपर्यंत खालीच साचून राहते. म्हणून फिरायला निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर असल्यास दमेकऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी ऊन चांगले वर आल्यावरच बाहेर पडावे.

पीएम २.५ हे सूक्ष्म कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि हृदयविकाराचाही धोका वाढवतात. भारतीय मानकानुसार त्यांची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. साध्या रुमालाने ते अडत नाहीत. एन-९५ मास्क नाकाच्या कडेला फट न राहता बसवावा लागतो.

सर्वांत सोपा, तरीही सर्वाधिक दुर्लक्षित उपाय म्हणजे पालापाचोळा न जाळणे. सोसायटीच्या कोपऱ्यात विटांमध्ये फटी ठेवून हौद रचावा, पाचोळ्याच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा, मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतकाच ओलावा ठेवावा आणि आठ-दहा दिवसांनी ढीग उलथावा. काही महिन्यांत बागेसाठी खत तयार होते.

शेजारच्या बांधकामावर हिरवी जाळी नसेल, वाळू उघडी पडली असेल, तर छायाचित्रासह महापालिकेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच जपून ठेवावी.